सरकीसकट कापूस

माणूस कशाने मेला हे ठरवायला आमच्या भागात फार काही लागत नाही. एक पोलीस जमादार लागतो, दोन पंच लागतात, टेकायला एक टेबल लागतं आणि गेटबाहेर खोळंबलेली माणसं लागतात. एवढं जमलं की अर्ध्या तासात मरणाचं कारण तयार होतं. असं एक कारण मी तयार केलेलं आहे. तेव्हा मी गावाचा सरपंच होतो, लोकांनी मतं देऊन निवडलेला, आणि त्या दिवशी पंच नंबर एक.

माझी मुलगी नागपूरला वकिलीचं शिकते. मागे एकदा जेवताना ती सांगत होती, की परदेशात काही ठिकाणी माणूस कशाने मेला हे ठरवणारा अधिकारीसुद्धा लोक मतदानाने निवडतात. तिला ते फार चांगलं वाटत होतं. लोकांचा माणूस म्हणजे तो लोकांना घाबरून खरं लिहील, असं तिचं म्हणणं. मला हसू आलं. ती म्हणाली, "बाबा, हसता कायले?" मी ताटातलं वरण कालवत राहिलो. लोकांना घाबरून माणूस काय लिहितो ते तिला सांगायला हवं होतं. तिला सांगायची हिंमत नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

आमचं गाव पांढरकवड्याच्या पुढे, हायवेपासून थोडं आत. गावाच्या शिवेत एक जिनिंग आहे. शेतातून वेचून आणलेल्या कापसातली सरकी, म्हणजे बी, काढायची आणि रुई वेगळी करायची, हे तिथलं काम. दिवाळीनंतर आसपासच्या पंधरा-वीस गावांचा कापूस तिथेच येतो. गेटवर ट्रॅक्टरांची रांग लागते, काट्यावर वजन होतं आणि आतल्या आवारात कापसाच्या गंज्या उभ्या राहतात, दोन-दोन माणसं उंच. गंजीच्या पायथ्याशी एक जाड पाइप असतो. तो हवेने कापूस ओढून मशीनकडे नेतो आणि त्याच्या तोंडाशी एक मजूर उभा राहून कापूस पुढे सारत राहतो.

कापूस वरून काढत यायचा असतो. हे सगळ्यांना माहीत असतं. पण वरून काढायला गंजीवर दोन माणसं जास्तीची चढवावी लागतात आणि हंगामात ती कुणी देत नाही. मग खालून ओढतात. पायथ्याशी पोकळी पडते, वरचा कापूस तसाच लटकत राहतो, आणि एखाद्या वेळी सगळाच्या सगळा खाली बसतो. पळायला सावध करील असा आवाजसुद्धा होत नाही.

त्या दिवशी दुपारी मी रांगेतच होतो. माझा ट्रॅक्टर गेटपासून नववा. आभाळ भरून आलेलं. ट्रॉलीवर ताडपत्री होती, पण ती फाटकी, आणि ओला कापूस जिनिंगवाले घेत नाहीत. अचानक आतली मशीन बंद पडली. पाठोपाठ काटाही बंद केला. कुणी म्हणे लाइट गेली, कुणी म्हणे पट्टा तुटला. तासाभराने जमादाराची मोटरसायकल आत गेली आणि मग गेटवरचा चौकीदार मला शोधत आला.

"सरपंचसाहेब, आत या म्हनते. एक गडी गेला."

"कुठं गेला?"

"मेला जी," तो म्हणाला.

मी आत निघालो तोवर बातमी रांगेत पसरली होती, लोक ट्रॅक्टरवरून ओरडले. त्यातले निम्मे माझे मतदार. कोण मेलं, कसं मेलं, असं एकानेही विचारलं नाही. "लवकर आटपा सरपंच, काटा बंद हाय!" "पाणी येऊन राह्यलं, पंचनामा लांबवू नका बाप्पा!" एक जण तर म्हणाला, "निवडून कायले देल्लं तुमाले?" लोक हसले. मीही हसलो. हे मी विसरलेलो नाही.

मजुरांना जेवायला बसण्यासाठी एक टिनाचं शेड होतं, तिथे खाटेवर त्याला ठेवलेलं होतं. चाळिशीचा माणूस, दोन कोसांवरच्या गावचा, तीन हंगामांपासून इथे पाइपावर काम करणारा. मी त्याला तोंडओळखीने ओळखत होतो. खाटेजवळ जिनिंगचा मॅनेजर हात पाठीमागे बांधून उभा होता, शोकसभेला आल्यासारखा. जमादार टेबलाशी बसून लिहीत होता. पंच नंबर दोन म्हणून त्यांनी मिस्त्रीला बोलावलं होतं. मिस्त्री म्हणजे हायवेवर मोटर वाइंडिंगचं दुकान असलेला गावचाच मुसलमान माणूस, जिनिंगच्या मोटरी तोच दुरुस्त करायचा. आम्ही एका वर्गात शिकलो.

मॅनेजर म्हणाला, "सरपंचसाहेब, जेवणाची सुट्टी होती. गडी इथं आराम करत होता. टाकली असेल थोडी. झोपला तो झोपलाच. हार्ट असेल."

खाटेखाली एक बाटली होती. तिच्यावर धूळ इतकी, की त्या माणसाने ती प्यायली असेल तर मागच्या हंगामात. ही बाटली शोधून आणणाऱ्या माणसाने ती पुसण्याचेही कष्ट घेतले नव्हते. आम्हाला फसवायला इतकंच पुरेसं आहे, हा त्यांचा अंदाज होता. अंदाज बरोबर निघाला.

पंचांनी काय करायचं असतं? प्रेत पाहायचं. अंगावर कुठे काय आहे ते पाहायचं आणि मरण कशाने आलं असं वाटतं ते सांगायचं. जमादार ते लिहितो, खाली "पंचांचे मते" म्हणून. मी खाटेजवळ गेलो, वाकलो आणि पाहिलं. खोटं कशाला सांगू, मी नीट पाहिलं. त्याचा चेहरा धुतलेला होता, केस ओले होते. पण मानेपासून खाली सगळ्या अंगावर, कानाच्या मागे, भुवयांत कापसाची बारीक लव चिकटलेली. ओठ निळे. आणि दोन्ही नाकपुड्यांत कापूस.

मी मॅनेजरकडे पाहिलं.

"नाकात आम्हीच घातला," तो लगेच म्हणाला. "मयत माणूस आहे शेवटी. रिवाज असतो ना."

रिवाज असतो. आमच्याकडे मयताला आंघोळ घातली की नाकात-कानात कापसाचे बोळे ठेवतात. हे इतकं साधं कारण होतं, की मी मान डोलावली. जमादाराने लिहिलं, "नाकात रिवाजाप्रमाणे कापसाचे बोळे." लिहिताना त्याने वर पाहिलंही नाही.

मिस्त्री मात्र अजून खाटेशी वाकलेला होता.

"सरपंचभाऊ, थांबा ना जरा. हा कापूस पाहा. याच्यात सरकी हाय. पत्तीचा चुरा बी हाय. मयताले कोनी सरकीसकट कापूस लावते का?"

मी कापूस पिकवतो. माझ्या बापानेही कापूसच पिकवला. सरकीचा कापूस आणि साफ केलेला कापूस यांतला फरक मला अंधारात बोटांनी कळतो. डाव्या नाकपुडीच्या कडेला सरकीचा काळा दाणा मला मिस्त्रीच्या आधी दिसला होता. तो कुणी घातलेला नव्हता. तो माणसाने श्वास घेता-घेता ओढलेला होता.

त्याच वेळी मॅनेजर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तुमचा ट्रॅक्टर आत घ्यायला सांगितलं आहे. आभाळ आलंय."

मी मागितलं नव्हतं. हे मी स्वतःला बरेच दिवस सांगत आलो, की मी मागितलं नव्हतं. पण नाहीही म्हटलं नाही. नवव्या नंबरवरून पहिल्या नंबरवर! लोक म्हणतात पुढारी विकले जातात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे काहीतरी मोठं असतं. मी रांगेतल्या एका जागेवर विकला गेलो.

मी मिस्त्रीला म्हणालो, "तुले मोटर समजते, मयत समजते का? तुमच्यात अन् आमच्यात फरक असते. कर सही."

तो सरळ झाला. माझ्याकडे पाहत म्हणाला, "आमच्यात बी कापूसच लावते भाऊ. आंघोळीनंतर. साफ करून."

मग त्याने सही केली. मी सरपंच होतो, तो जिनिंगच्या कामावर जगणारा माणूस होता, आणि त्याचं तोंड बंद करायला मी त्याचा धर्म वापरला होता.

जमादार कागद माझ्यापुढे सरकवत म्हणाला, "वाचून घ्या म्हनतो मी, पन वेळ हाय का तुमाले?" कागदावर लिहिलं होतं, की पंचांचे मते सदर इसम दारूच्या नशेत झोपला असता झोपेतच हृदय बंद पडून मयत झाला. अक्षर सुंदर होतं. मी वळणदार सही केली, खाली सरपंचाचा शिक्का मारला. तो मी खिशात घेऊनच फिरायचो. शिक्क्याची गरज नव्हती. जमादार हसून म्हणाला, "वा, पक्कं झालं."

मी बाहेर आलो तेव्हा काटा सुरू झाला होता आणि रांगेतल्या लोकांनी मला हात केले. पाऊस आलाच नाही.

पुढचं सगळं त्या कागदावर उभं राहिलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी प्रेत उघडण्याआधी पंचनामा वाचला आणि त्यात होतं तेच आत पाहिलं. हृदय, असं लिहिलं. पोलिसांनी डॉक्टरांचं पाहून मर्गाची, म्हणजे अकस्मात मृत्यूची, फाइल बंद केली. जिनिंगने पोलिसांचं पाहून सांगितलं की आमचा काही संबंध नाही. आणि गावात कुणी विचारलं तर मी म्हणायचो, "डॉक्टरनंच लिहिलं ना बाप्पा, मी काय शिकलेला हाय का?" असे आम्ही सगळे एकमेकांच्या सहीच्या सावलीत आरामात बसलो होतो. एवढ्या शिकल्या-सवरल्या माणसांपैकी एकालाही त्या नाकातला कापूस चिमटीत धरून पाहावासा वाटला नाही. प्रेत नेताना तो कुणीतरी काढून फेकला, म्हणे.

दोन हंगाम गेले. मिस्त्रीने माझ्याशी बोलणं सोडलं होतं. माझ्या विहिरीची मोटर जळाली तर त्याने ती दुरुस्त करून दिली, पण पोराच्या हाती निरोप पाठवला की घेऊन जा. मी सरपंचकी परत लढवली आणि जिंकलो. प्रचाराला जिनिंगची जीप होती.

मग यवतमाळच्या कामगार न्यायालयातून समन्स आलं. त्या माणसाच्या बायकोने दावा लावला होता, की नवरा कामावर असताना कापसाखाली दबून मेला. जिनिंगचं म्हणणं, तो दारूने मेला. मला जिनिंगने आपला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. सही माझी, एवढंच सांगायचं होतं. मॅनेजर स्वतः गाडी घेऊन घरी आला. वाटेत जोडमोहाला त्याने चहा पाजला. मी प्यालो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटू नये की मी ठरवून खरं बोलायला निघालो होतो. मी खोटं बोलायलाच चाललो होतो, आणि चहा बरा होता.

न्यायालयाच्या व्हरांड्यात ती बाकावर बसलेली होती. उन्हाने रापलेली बाई, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. मी दुसरीकडे पाहत पुढे निघालो, तर तिनेच हाक मारली.

"भाऊ, तुमीच पंच होते ना?"

"हो."

"एक विचारू का? वकिलानं मले तो कागद वाचून दाखवला. त्याच्यात लिहून हाय, नाकात कापूस होता. तो कोनं घातला?"

मी म्हणालो, "जिनिंगच्या लोकाईनं."

"काहून पन?" ती म्हणाली. "घरच्याईनं घालाचा असते तो. आंघोळ घातल्यावर. माह्या नवऱ्याले मी घातला, घरी आनल्यावर, माह्या हातानं. त्याच्या आंधी परक्या मानसाईनं कायले घातला असन? माया होती का त्याईले त्याची?"

तिला त्यातलं काहीच कळलेलं नव्हतं. माझ्यावर ती आरोप करत नव्हती, खरंच विचारत होती. आपला हक्काचा शेवटचा सोपस्कार कुणीतरी आपल्या आधी उरकला, एवढंच तिला लागलं होतं. ती पुढे म्हणाली, "पैशाचं जे होईन ते होवो. पन माह्या पोरीले सासरी दारुड्याची पोरगी म्हनते. त्यानं तोंडाले लावली नाई कधी. जिनिंगमधले पेतात म्हनून हा डबासुद्धा एकटा खाये." तेवढ्यात शिपायाने माझं नाव पुकारलं.

आत जिनिंगच्या वकिलाने कागद दाखवला. "ही सही तुमची?"

"माझी."

"शिक्काही तुमचाच?"

"माझाच."

"मजकूर खरा आहे?"

हा प्रश्न विचारायची पद्धत असते, उत्तर ऐकायची नसते. तो पुढचा कागद उलटायला लागला होता.

"नाही," मी म्हणालो.

तो थांबला. हसत म्हणाला, "सरपंच, लांबून आलात, दमला असाल. पाणी घ्या." मी पाणी घेतलं नाही. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "सांगा काय सांगायचं ते." आणि मी सांगितलं. ओले केस, अंगावरची लव, धूळ बसलेली बाटली, नाकातला काळा दाणा. मिस्त्रीने मला थांबवलं होतं आणि मी त्याला काय बोललो, तेही सांगितलं. ते न्यायाधीश बाईंकडे न पाहता सांगितलं, बाकी सगळं घडाघडा आलं. ट्रॅक्टरचं सांगितलं तेव्हा कुणीतरी मागे हसलं.

वकिलाचा आवाज आता बदलला. "कापसाखाली माणूस मरतो? कापूस मऊ असतो हो."

"रुई मऊ असते साहेब. गंजी मऊ नसते. दोन माणसं उंच असते ती."

"मग तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता?"

"तेव्हा."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलणारे आहात."

"हो," मी म्हणालो. त्याला बहुधा मी चिडायला हवा होतो. पण त्याच्या सगळ्या भाषणात हे एकच वाक्य खरं होतं.

बाहेर आलो तर मॅनेजरची गाडी निघून गेली होती. स्टँडवर पांढरकवड्याची बस लागलेली होती. चढलो आणि पाहिलं, तर ती पुढून तिसऱ्या सीटवर, खिडकीशी. शेजारची जागा रिकामी. तिच्या वकिलाने तिला आत काय झालं ते सांगितलं असणार, कारण आता ती माझ्याकडे वेगळंच पाहत होती. मी दोन पावलं पुढे गेलो. तिने मांडीवरची पिशवी उचलली आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली.

कंडक्टर म्हणाला, "काका, मागं सीटा खाली हाय, बसा ना." मी उभाच राहिलो. वाटेत कितीतरी माणसं उतरली. उभं राहून कुणाचं काही भलं होत नव्हतं, पण बसवलं नाही. पांढरकवड्याला उतरताना ती माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, "तुमाले तवाच दिसलं होतं म्हना." मी होकारार्थी मान हलवली. "दोन वर्सं," ती म्हणाली, आणि उतरून गेली.

पुढे मिस्त्रीची साक्ष झाली. त्याने तेच सांगितलं, माझ्यापेक्षा कमी शब्दांत. तीन वर्षांनी निकाल लागला, की मृत्यू कामावर असताना, कापसाच्या ढिगाखाली गुदमरून झाला. जिनिंगने नागपूरला अपील केलं आहे. ते चालेल तितकं चालेल. जमादाराची बदली झाली, मॅनेजर तिथेच आहे, गंजीचा कापूस आजही खालूनच ओढतात. आणि पुढच्या निवडणुकीत मी पडलो. गेटवरच्या रांगेतल्या लोकांना जिनिंगशी भांडणारा सरपंच नको होता. निवडून देणारी माणसं ती हीच, आणि निवडून आलेला तो हा मी.

मागच्या आठवड्यात मिस्त्रीच्या दुकानासमोर थांबलो. तो मोटरची तार गुंडाळत होता. बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलला.

"ते बाई आली होती," तो म्हणाला. "निकालाची नक्कल घेऊन. म्हने, भाऊ, माह्यासंग पोरीच्या सासरी चला, अन् हे सगळ्याईपुढं वाचून दाखवा. मी म्हटलं, सरपंचाले घेऊन जा ना, त्याईले चांगलं वाचता येते. तं म्हने, नाई, तुमीच चला."

"गेला?"

"गेलो ना. पोरीचे सासू-सासरे, भावकी, शेजारपाजारचे, सगळे बसवले तिनं. दारू नाई, काहीच नाई, कामावर मेला, हे दोनदा वाचाले लावलं. सासऱ्यानं मान खाली घातली."

"बरं झालं," मी म्हणालो. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "माही साक्ष बी असन त्याच्यात."

मिस्त्रीने तार दातात धरली, गाठ मारली आणि तोंड मोकळं केलं.

"हाय ना. दीड पान हाय. म्या सुरू केलं, 'सरपंच यांनी असे सांगितले की', तं तिनं हात धरला माहा. म्हने, हे सोडा. याच्या पुढचं वाचा."